आठवड्याचे ४३ तास

एमबीएच्या पहिल्या सत्रात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांसमोर ‘अभ्यास आणि सामाजिक आयुष्य यांचा तोल’ या विषयावर बोलायचे म्हटले की वक्त्याने वेळापत्रक आखून द्यावे, पहाटे उठायला सांगावे आणि मोबाइलला नावे ठेवावीत, अशी सर्वांची अपेक्षा असते. ती मी पूर्ण करणार नाही, कारण माझी शंका विषयाच्या नावाविषयीच आहे. तराजूच्या एका पारड्यात अभ्यास आणि दुसऱ्यात माणसे, ही मांडणी गणिताच्या किंवा संस्कृतच्या विद्यार्थ्याला कदाचित लागू पडेल. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला ती लागू पडत नाही.

१९६१ साली अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्यामुळे तेथे केस पद्धत रुजली. एखाद्या कंपनीची हकीकत विद्यार्थ्याने आधी एकट्याने वाचायची, मग पाच-सहा जणांत बसून तिच्यावर वाद घालायचा आणि दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात आपला निर्णय मांडून तो खोडला जाताना ऐकायचा, अशी तिची रीत आहे. यातली मधली पायरी रात्रीच्या चहाबरोबरच पार पडते. त्या संस्थेची वास्तू अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी घडवली, आणि त्यांना तेथे आणण्यात मोठा वाटा होता तो पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचा. शिकणे वर्गाच्या भिंतीपाशी थांबत नाही, ही कान यांची धारणा होती. म्हणून तेथील वसतिगृहांत लांबलचक बोळ नाहीत, तर दहा-दहा खोल्यांचे गट जिना आणि चहाची खोली यांच्याभोवती मांडलेले आहेत. गप्पांची जागा येथे अभ्यासक्रमाच्या नकाशातच आखलेली आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण मात्र कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि सामाईक जागा म्हणजे कोपऱ्यावरचे अमृततुल्य. त्यामुळे आपल्याला ही मांडणी स्वतःच करावी लागते. त्यासाठी हिशेब करू. आठवड्याचे १६८ तास. रोज सात तासांची झोप धरली तर ४९ तास गेले, ११९ उरले. तासिकांचे २५ आणि तयारी, असाइनमेंट, क्विझ यांचे ३० वजा करा. जेवण, आंघोळ, कपडे आणि प्रवास यांना रोजचे तीन तास, म्हणजे आणखी २१. तरीही ४३ तास शिल्लक राहतात. हा आकडा मी फळ्यावर लिहितो तेव्हा वर्ग हसतो, कारण प्रत्येकाला ठाऊक असते की आपल्या हाती असे ४३ तास कधीच लागलेले नाहीत.

मग ते जातात कुठे? माझ्या निरीक्षणात त्यांतले सर्वांत मोठे खिंडार मौजमजेचे नसून गटकामाचे आहे. सहा जणांच्या गटाची बैठक रात्री नऊला ठरते आणि सव्वादहाला सुरू होते. पाच जण सव्वा तास थांबले, तर सहा तासांहून अधिक वेळ कोणत्याही विषयाच्या खात्यावर जमा न होता बुडाला. त्या अवधीत कोणी अभ्यास करत नाही आणि मनमोकळ्या गप्पाही मारत नाही; सगळे मोबाइलकडे पाहत वाट पाहतात. तीन माणसांत बोलण्याच्या तीनच जोड्या होतात, सहांत त्या १५ होतात, म्हणून प्रेझेंटेशनचे काम सहा जणांनी एकत्र बसून करणे हाच मुळात गैरहिशेब आहे. दोघादोघांनी वाटून घ्यावे आणि शेवटच्या तासाला सर्वांनी एकत्र यावे. गटातला एक राबतो आणि बाकीचे स्लाइडवर नाव लावतात, ही जुनी तक्रार मी येथे वाढवत नाही. ती तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात एकमेकांकडे करालच.

संगतीने अभ्यास होत नाही, ही समजूतही तपासून घ्यावी. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून मग न पाहता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचून येणारा आत्मविश्वास फसवा का ठरतो, हे यात दिसते. बी.कॉम. झालेल्या मैत्रिणीने इंजिनिअर मित्राला रोखप्रवाहाचे पत्रक समजावून सांगावे आणि त्याने तिला संख्याशास्त्राचे प्रश्न विचारावेत, हा एका बाकावर बसून घेतलेला आठवून लिहिण्याचाच प्रयोग आहे.

आता नेटवर्किंगविषयी. हा शब्द तुम्ही प्रवेशाच्या दिवसापासून ऐकत आहात, आणि पार्टीला न गेल्यास नोकरी हुकेल, अशी भीती त्याला चिकटलेली आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी केली आणि १९७३ साली तिचे निष्कर्ष मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत असत, ५५.६ टक्क्यांची भेट अधूनमधून होई आणि २७.८ टक्क्यांची क्वचित. कारण साधे आहे: रोजच्या मित्रांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते, नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. याचा मी काढलेला अर्थ तुम्हाला कदाचित आवडणार नाही. नोकरीला उपयोगी पडणाऱ्या ओळखी फारशा महाग नसतात. त्यांना वर्षातून दोन-तीन निरोप आणि एखादी भेट पुरते. त्यांच्यासाठी रात्री जागवण्याचे कारण नाही. वेळ खऱ्या अर्थाने लागतो तो जवळच्या माणसांना, आणि ती प्लेसमेंटच्या कामी फारशी येत नाहीत.

म्हणूनच कात्री त्यांच्यावर चालते. असाइनमेंटला मुदत असते, कॉलेजचे कार्यक्रम पाहणाऱ्या विद्यार्थी समितीच्या बैठकीला हजेरी असते, प्लेसमेंटच्या मॉक मुलाखतीला वेळ ठरलेली असते. लातूरला किंवा जळगावला असलेल्या आईच्या फोनला मुदत नसते, आणि शाळेतला मित्र ‘कामात असशील’ असे समजून घेत स्वतःच मागे सरतो. घरून ये-जा करणारे पुण्याचे विद्यार्थी याला अपवाद नाहीत. एकाच छपराखाली राहून महिनाभर वडिलांशी न बोललेली मुले मी पाहिली आहेत. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत, म्हणजे एकच गोष्ट जितकी अधिक मिळत जाते तितका तिच्या पुढच्या नगाचा उपयोग कमी वाटतो, हे तुम्ही परीक्षेत लिहालच. समितीच्या ग्रुपवरचा शंभरावा निरोप आणि घरचा आठवड्यातला पहिला फोन यांना तो लावून पाहा.

व्याख्यानाच्या आधी एका विद्यार्थ्याने विचारले होते की समितीसाठी नाव द्यावे की नाही. पहिल्या वर्षी एकाच समितीसाठी द्यावे, तेही ज्या कामात हात घालायची खरी इच्छा आहे त्यासाठी. बायोडेटात ओळ वाढवायला तीन समित्यांत शिरलेल्यांना मुलाखतीत त्यांपैकी एकीविषयीही नीट सांगता येत नाही. अर्ज शुक्रवारपर्यंत घेतले जाणार आहेत. तोवर पाच दिवस आपले तास वहीत लिहून ठेवा, आणि ४३ मधले किती सापडतात ते पाहून मगच अर्ज भरा.