वीतभर उंबर

(दृश्य: सोलापूर. मे महिन्यातली दुपार. खिडकीला ओला पंचा, पलीकडे कॉम्प्युटरचा पडदा.)

मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोनला कुणी उगाच बाहेर पडत नाही. पारा 40 च्या पुढे असतो. खिडकीला ओला पंचा लावायचा आणि घरात पडून राहायचं. मी त्या वेळात झाड वाढवतो. कॉम्प्युटरवर.

(दृश्य: गेमचा पडदा.)

करडी चौकट, वर निळी पट्टी, जाड कडांची बटणं. थेट विंडोज 95 चे दिवस. मधोमध उथळ कुंडी, तिच्यात वीतभर झाड, बोन्साय. फांदी छाटायची, तार गुंडाळून हळूच वाकवायची, पाणी घालायचं आणि थांबायचं. गुण नाहीत, हरणं नाही. खालच्या कोपऱ्यात हिरवे आकडे, जुन्या वेबसाइटवर किती जण येऊन गेले ते दाखवणारे असायचे, तसेच.

ते आकडे पाहिले आणि नवी पेठ आठवली. जिना चढून वर एक सायबर कॅफे होता, प्लायवूडचे अरुंद कप्पे केलेला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालं, पण माझ्यासाठी ते सुरू झालं त्या कप्प्यात, 2002 साली. मॉडेम शिट्ट्या मारायचा, खरखरायचा आणि मग एकदाची लाइन लागायची. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. आधी आभाळ, मग कळस, मग माणसं. मराठी साइट उघडावी तर फॉन्ट नसायचा, पडद्यावर नुसते चौकोन आणि भलतीच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट उतरवून घेण्यात तासातला निम्मा वेळ जायचा. पण त्यानंतर आपली अक्षरं तिथे नीट उमटलेली पाहिली, तो आनंद मी विसरलेलो नाही.

जिओसिटीज नावाच्या साइटवर कुणालाही फुकट आपलं पान करता यायचं. तिथे मी माझं एक केलं होतं. काळी पार्श्वभूमी, चांदण्या, डावीकडे सरकत जाणारी अक्षरं. मजकूर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचा आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांचा. दर रविवारी जाऊन त्यात एखादी ओळ घालायची, एखादी काढायची. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये जिओसिटीज बंद झालं. पुष्कळ पानं हौशी लोकांनी धावपळ करून जपून ठेवली. माझं त्यांत सापडलं नाही.

(दृश्य: जुन्या गिरणीची भिंत. विटांच्या फटीत पिंपळ.)

बोन्साय ही झाडाची वेगळी जात नाही. कुंडीतला वड म्हणजे पारावरचाच वड. मुळांना जागा थोडी, वरून छाटणी, म्हणून तो लहान राहतो. सोलापुरात हे काम भिंतीही करतात. पहिली कापड गिरणी इथे 1877 मध्ये उभी राहिली. गिरण्या बंद पडल्या, भिंती राहिल्या. पाखरांच्या विष्ठेतून बी येतं, चुन्याच्या फटीत रुजतं, आणि वर्षानुवर्षं पिंपळ हातभरच राहतो.

गच्चीवर आमचाही एक उंबर होता, बोन्साय केलेला. बोटभर खोलीची माती उन्हाळ्यात सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत खडखडीत वाळते, दोनदा पाणी लागतं. आणि आमच्या नळाला तेव्हा पाणी यायचं चार-पाच दिवसांआड. आई तांदूळ धुतलेलं पाणी जपून त्याला घालायची. तीन उन्हाळे त्याने काढले. चौथ्या वर्षी आम्ही लग्नासाठी तीन दिवस गावी गेलो. परत आलो तेव्हा पानांच्या कडा तपकिरी, चुरगळल्या की भुकटी होत होती. खोडाला नखाने खरवडून पाहिलं. हिरवं कुठेच नव्हतं.

(दृश्य: पुन्हा पडदा. संध्याकाळ. कात्रीचा आवाज.)

गेममधलं झाड मी उंबराच्याच वळणाने वाढवतोय. महिना झाला. रोज दहा-पंधरा मिनिटं. यात घाई करताच येत नाही, आणि मला तेच हवं आहे. मॉडेमच्या दिवसांत थांबणं अंगवळणी पडलं होतं, मधल्या वर्षांत ते गेलं.

एक खालची फांदी आडवी येते आहे. मी कात्री तिच्यावर नेतो. आई चहा ठेवायला येते, पडद्याकडे बघत उभी राहते.

"उंबर ना रे हा?"

"हो."

"मग ती खालची राहू दे. आपल्या उंबराला होती तशीच आहे."