सीताबर्डीची पट्टी आणि पदकाचा काठ

नागपुरात राहून जुनी युद्धपदकं जमवायची म्हटल्यावर मन पहिलं धावतं ते 'आर्मी ऑफ इंडिया' मेडलकडे. त्याच्या क्लास्पवर, म्हणजे फितीवर बसणाऱ्या धातूच्या पट्टीवर, आपली सीताबर्डी आहे. नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातली ही लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची. पदक मंजूर झालं १८५१ मध्ये, तेही तोवर हयात असलेल्यांनाच. म्हणजे मुळातच ती थोडी, म्हणून भाव चढा, आणि म्हणूनच नकला.

तेव्हा आधी पट्ट्या वाचा. या पदकाच्या एकूण २१ पट्ट्या आहेत. त्यात 'सीताबल्डी' वेगळी, 'नागपूर' वेगळी, आणि दोन्हीकडे लढलेल्यांसाठी 'सीताबल्डी अँड नागपूर' अशी एकच जोडपट्टी. एका पदकावर पहिल्या दोन सुट्या दिसल्या, तर हात आखडता घ्या. नाव रॉयल स्कॉट्सच्या शिपायाचं आणि पट्टी सीताबल्डीची, हेही जुळत नाही. ती पलटण कंपनीचा सेनानी डव्हटन याच्या फौजेबरोबर डिसेंबरात, नागपूरच्या लढाईला आली. सीताबर्डीच्या टेकडीवर लढल्या त्या मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणी आणि बंगालच्या ६ व्या घोडदळाच्या तुकड्या. (आपण 'बर्डी' म्हणतो, पट्टीवर मात्र 'बल्डी'च हवं.) पट्ट्या एकमेकींना रिव्हेटनं जोडलेल्या असतात. तिथे सराफी डाग, म्हणजे झाळ, दिसला तर पट्टी मागाहून चढवलेली असू शकते.

खरी परीक्षा काठाची. शिपायाचं नाव तिथंच असतं आणि फसवणूकही तिथंच होते. खऱ्या पण स्वस्त पदकावरचं नाव कानशीनं घासतात आणि मोलाचं नाव घालतात. दहापट भिंगाखाली काठ तिरप्या उजेडात फिरवा. ठशानं ठोकलेल्या अक्षरांची खोली सारखी असते, हातानं कोरलेल्यात ती कमीजास्त होते. जुन्या अक्षरांची सावली कधीकधी अशाच उजेडात उमटते. मग व्हर्निअर कॅलिपरनं तीन-चार कोनांतून व्यास मोजा. ही पदकं साधारण ३६ मिमीची. एका बाजूला दोन-तीन दशांश मिमी कमी भरलं, तर तिथं घासलंय. पण सगळा काठ घासला असेल तर फरक दिसणारच नाही, म्हणून त्याच जातीचं खात्रीचं पदक शेजारी ठेवून मोजा. ओतीव नक्कल थंड होताना आकसते आणि तीही लहान भरते, शिवाय तिच्या पार्श्वभूमीवर बारीक खळगे दिसतात.

घनता घरीच काढता येते. फीत काढा, वजन करा. समजा ३१.२ ग्रॅम आलं. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि पदक दोऱ्यानं पाण्यात लोंबतं सोडा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे ब्रशनं काढा. समजा काटा ३.० दाखवतो, तर ३१.२ भागिले ३.० म्हणजे घनता १०.४. स्टर्लिंग चांदी याच्याच आसपास असते, क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचं मिश्रण) ८.९ च्या. मात्र शिसं-कथलाचं मिश्रण जुळवून चांदीचा आकडा आणता येतो. तेव्हा ही चाचणी नापास करायला चांगली, पास करायला नाही.

नाव ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या पदक-याद्यांशी ताडून पाहा. यादीत नाव असणं म्हणजे त्या माणसाला पदक मिळालं, एवढंच. हातातलं तेच, हे काठच सांगणार.

चिंच, मीठ, राख यांनी घासू नका. पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यांतला चिकट द्रव धातू हिरवा करतो. आणि शंभर वर्षांपुढची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही.