खेळण्यातल्या आगगाडीचा खटला

नमस्कार श्रोतेहो.

सॉफ्टवेअर कंपन्यांची भांडणं कोर्टात गेली की बातमीत सगळ्यात आधी झळकतो तो आकडा. ओरॅकलने २०१० मध्ये गूगलला जावा या संगणकभाषेच्या वापरावरून कोर्टात खेचलं आणि मागणी पुढे ९ अब्ज डॉलरच्या घरात गेली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूने कौल दिला. तोवर जवळजवळ अकरा वर्षं मथळे चालूच होते. खटला महत्त्वाचा होता, नाही असं नाही. पण ती दोन धनदांडग्यांची मारामारी. तुमच्या-माझ्या ओळखीतला एखादा मुलगा नोकरी सांभाळून रात्री जागतो, प्रोग्रॅम लिहितो आणि कुणीही घ्यावा म्हणून इंटरनेटवर ठेवून देतो. त्याच्या बाजूने उभा राहिलेला खटला वेगळाच आहे, आणि त्याची फारशी बातमीही झाली नाही. तो झाला खेळण्यातल्या आगगाडीवरून.

‘खेळण्यातली’ म्हटलेलं त्या छंदिष्टांना आवडायचं नाही. घराच्या तळघरात दहा-दहा वर्षं खपून रूळ, सांधे, सिग्नल आणि बोगदे उभारणारी ही माणसं. त्यांच्यातले एक रॉबर्ट जेकबसन. हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. दिवसा कणभौतिकी, रात्री आगगाडी. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी मिळून या गाड्यांसाठी ‘जेएमआरआय’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांना खुलं करून दिलं.

त्यात नेमकं काय होतं हे जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. या गाड्यांमध्ये रुळातून वीज येते आणि तिच्यासोबत हुकूमही येतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, तिला डिकोडर म्हणतात. नव्या डिकोडरचा पत्ता कारखान्यातून येतो तोच मुळी ३. म्हणजे दोन नवी कोरी इंजिनं रुळावर ठेवून ‘३ नंबर, चल’ म्हटलं की दोन्ही एकदम निघतात. मग बसा पत्ता बदलत. तो असतो सीव्ही १ नावाच्या कप्प्यात. इंजिनाने वेग किती सावकाश घ्यायचा ते सीव्ही ३ मध्ये, थांबताना किती सावकाश थांबायचं ते सीव्ही ४ मध्ये. इथवर सगळ्या कंपन्यांचं एकच. त्यापुढे दिवे, भोंगा, मोटरचा जोर यांचे कप्पे ज्याचे त्याने आपल्या मर्जीने ठरवलेले. जेएमआरआयच्या स्वयंसेवकांनी काय केलं, तर एकेका कंपनीची माहितीपत्रकं घेऊन, एकेका डिकोडरमध्ये कुठल्या कप्प्यात काय आहे याच्या फाइली तयार केल्या. कंटाळवाणं, किचकट काम. पैसा शून्य. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव, कॉपीराइटची ओळ आणि अटी कुठे वाचायला मिळतील त्याचा उल्लेख.

अटी म्हणजे ‘आर्टिस्टिक लायसन्स’. पर्ल ही संगणकभाषा घडवणाऱ्या लॅरी वॉल यांनी ते पहिल्यांदा वापरात आणलं. सारांश असा : घ्या, वापरा, बदला, वाटा. मात्र मूळ कर्त्यांच्या नावाच्या ओळी तशाच ठेवा, आणि काही बदललं असेल तर काय बदललं आणि कधी, ते त्या फाइलमध्ये ठळक लिहा.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यात मॅथ्यू कॅट्झर यांची कॅम इंडस्ट्रीज नावाची कंपनी होती, तीही अशाच गाड्यांचं सॉफ्टवेअर विकायची. कॅट्झर यांच्याकडे एक पेटंट होतं आणि जेएमआरआय त्याचा भंग करतं असं त्यांचं म्हणणं. २००५ मध्ये त्यांनी जेकबसन यांच्याकडे रॉयल्टीची मागणी केली : दोन लाख डॉलरच्या वर. ज्या वस्तूचा एक सेंटही कुणाकडून घेतला नव्हता तिच्यासाठी! एवढ्यावर थांबले नाहीत. जेकबसन यांच्या प्रयोगशाळेला सरकारच्या ऊर्जा खात्याचा पैसा मिळतो, म्हणून त्या खात्याकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. कामाच्या ठिकाणी माणसाची मान खाली घालायला लावायची, हा डाव आपल्याकडेही ओळखीचा आहे.

जेकबसन नमले नाहीत. मार्च २००६ मध्ये ते स्वतःच सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गेले. आणि मग गंमत अशी झाली की कॅमच्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये जेएमआरआयच्याच डिकोडर फाइली निघाल्या. डोक्यावरची नावं गायब, कॉपीराइटची ओळ गायब, फाइल कुठून घेतली त्याचा पत्ता नाही, काय बदललं त्याची नोंद नाही. पेटंटचं बिल पाठवणाऱ्याच्या घरात बिल ज्याला पाठवलं त्याचाच माल. पेटंट तर कॅट्झर यांनी २००८ च्या सुरुवातीला स्वतःहून सोडून दिलं. उरला प्रश्न फाइलींचा.

इथे कायदा फिरला. कॅमला या फाइली वापरण्यापासून रोखा, असा मनाई हुकूम जेकबसन यांनी मागितला होता; ऑगस्ट २००७ मध्ये खालच्या कोर्टाने तो नाकारला. न्यायाधीशांचं म्हणणं असं : तुमचं लायसन्स मुद्दामच एवढं ऐसपैस आहे, कुणालाही काहीही करायची मुभा तुम्हीच दिली आहे. समोरच्याने नाव लावलं नाही, तर फार तर करार मोडला. कॉपीराइटचा भंग कसा झाला?

ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण त्यात मोठी मेख होती. करार मोडला तर नुकसानीची भरपाई मागायची. आणि फुकट दिलेल्या वस्तूचं नुकसान मोजायचं किती? शून्य गुणिले काहीही, शून्यच. कॉपीराइटचा भंग ठरला तर मात्र कोर्ट ‘थांबव’ म्हणू शकतं. खालच्या कोर्टाचा निकाल टिकला असता, तर जगातलं कुठलंही खुलं सॉफ्टवेअर उचला, नाव पुसा, विका. कोर्टात फार तर करारभंगाचा दावा लागेल आणि त्यात द्यावं काहीच लागणार नाही. हे ओळखून लिनक्स फाउंडेशन, क्रिएटिव्ह कॉमन्स, विकिमीडिया फाउंडेशन अशा संस्था अपिलात जेकबसन यांच्या बाजूने म्हणणं मांडायला आल्या.

समाजमंदिराचा हॉल लग्नाला मोफत देताना दोन तऱ्हा असतात. ‘घ्या हॉल, आणि झाडून द्या हं’ ही एक. ‘झाडून देणार असाल तरच हॉल’ ही दुसरी. पहिल्या तऱ्हेत झाडलं नाही तर कुरकुर करता येते. दुसऱ्या तऱ्हेत हॉल तुम्हाला दिलेलाच नव्हता. १३ ऑगस्ट २००८ रोजी वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने सांगितलं की जेकबसन यांच्या लायसन्समध्ये दुसरी तऱ्हा आहे. अट पाळली तरच परवानगी. अट पाळली नाही तर परवानगी नाही, आणि परवानगी नसताना नक्कल केली तर तो कॉपीराइटचा भंग.

त्या निकालपत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग कायद्याच्या कलमांचा नाही. कोर्टाने म्हटलं की पैशाची देवघेव झाली नाही म्हणून आर्थिक लाभ नाही असं धरून चालू नये. खुलं सॉफ्टवेअर देणाऱ्याला नावलौकिक मिळतो, आणि कुठला तरी अनोळखी जाणकार त्यात आपसूक सुधारणा करून जातो. उदाहरणांत विकिपीडिया आहे : तेव्हा ७५,००० च्या वर सक्रिय लिहिणारे, २५० हून अधिक भाषा. त्या भाषांत आपली मराठीही आली. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथला मजकूर कुणीही घेऊ शकतो, अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि पुढेही त्याच अटींवर वाटायचं. दिवाळी अंकांतून आणि पुरवण्यांतून हा मजकूर परिच्छेदच्या परिच्छेद उचललेला दिसतो तेव्हा खाली लेखक म्हणून भलत्याचंच नाव असतं. विचारलं तर ‘नेटवर होतं’ हे उत्तर तयार!

‘नाव काढलं तर काय आभाळ कोसळलं?’ असं विचारणारे भेटतात. नाव म्हणजे नुसता मानपान नव्हे. समजा, डिकोडरच्या फाइलीत एक कप्पा चुकीचा लिहिला आहे आणि इंजिन भोंग्याऐवजी दिवा लावतं. फाइलवर मूळ पत्ता असेल तर वापरणारा तिथे जाऊन सांगतो, चूक सुधारते, ती सुधारणा सगळ्यांकडे पोचते. पत्ताच पुसला तर चूक त्या डबीत बंद होऊन राहते. मूळ मंडळींना आपली फाइल कुठे गेली तेही कळत नाही.

एवढं करून जेकबसन यांना हार-तुरे मिळाले का? छे. प्रकरण परत खालच्या कोर्टात गेलं आणि जानेवारी २००९ मध्ये त्याच न्यायाधीशांनी पुन्हा मनाई हुकूम नाकारला. तत्त्व मान्य, पण नुकसानीचा पुरावा कुठाय? शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये तडजोड झाली : कॅट्झर यांनी १,००,००० डॉलर द्यायचे, तेही हप्त्याने, आणि त्या फाइलींना पुन्हा हात लावायचा नाही. हौसेच्या आगगाडीपायी चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. एवढा चिवटपणा सगळ्यांकडे नसतो, आणि नाव पुसणारे नेमके त्यावरच मदार ठेवून असतात.

तुमच्या मोबाइलवर या सगळ्याची खूण आहे. सेटिंग्जमध्ये अगदी खाली ‘फोनबद्दल’ आणि त्यात कायदेशीर माहिती असं काहीतरी सापडेल. तिथे ओपन सोर्स, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरच्या, लायसन्सची यादी उघडा. बोट सरकवत राहा, संपता संपत नाही. ती कुणी वाचावी म्हणून दिलेली नसते, हे मान्य. पण ती तिथे असावी लागते, कारण अट आहे. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत नव्याने लागलेल्या मुलामुलींना कोड ग्राहकाकडे जायच्या आधी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आणि लायसन्सच्या अशाच याद्या तपासायला बसवतात. ती पोरं वैतागतात. त्यांना हा आगगाडीचा किस्सा कुणीतरी सांगायला हवा.

आता आजचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी, नाव गुप्त ठेवून, गिटहब (प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात ते संकेतस्थळ), मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआय यांच्यावर सॅन फ्रान्सिस्कोत दावा लावला. गिटहब कोपायलट हे कोड लिहून देणारं यंत्र लोकांनी खुला ठेवलेला कोड वाचून शिकलं, पण उत्तर देताना नाव आणि लायसन्स गाळतं, अशी तक्रार. अमेरिकेत कॉपीराइटची माहिती पुसण्याविरुद्ध वेगळं कलम आहे. जेकबसन यांनीही ते वापरलं होतं. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी या कलमाखालची तक्रार फेटाळली. कारण, यंत्राने दिलेला कोड मूळ कोडशी तंतोतंत जुळतो हे दाखवता आलं नाही. मग तो प्रश्न वरच्या कोर्टाकडे धाडला गेला. लायसन्सचा करार मोडला, ही तक्रार मात्र खालच्या कोर्टात तगली. जेकबसन प्रकरणात करारभंग म्हणजे हाती धुपाटणं होतं. इथे तोच शिल्लक राहिला!

मला विचाराल तर ‘तंतोतंत’ ही कसोटी फार आखूड आहे. कोडमधल्या दोन चलांची (व्हेरिएबलची) नावं बदलली की सुटका, असं तिचं होतं. पण उलट टोकही नको. ओरॅकलच्या खटल्यात ‘रेंजचेक’ नावाच्या अवघ्या ९ ओळींवरून रण माजलं होतं. न्यायाधीश विल्यम ऑल्सप स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे. असल्या ओळी आपणही अनेकदा लिहिल्या आहेत, असं त्यांनी कोर्टातच सुनावलं. आकडा दिलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे तपासण्याच्या ओळींवर कुणाचं नाव लावायचं? पण कुणी डोकं लढवून लिहिलेला अख्खा भाग, त्याच्या शेऱ्यांसकट, यंत्रातून बाहेर पडत असेल तर नावही बाहेर पडलं पाहिजे. एवढ्या हुशार यंत्राला तेवढं जमू नये?

भारतात हा वाद आला तर तो वेगळ्या वाटेने जाईल असं मला वाटतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याच कायद्याचं ५७ वं कलम लेखकाला ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा हक्क देतं. कॉपीराइट विकून टाकला तरी तो हक्क लेखकाकडेच राहतो. अमेरिकेच्या कायद्यात असा नावाचा हक्क चित्र-शिल्पांपुरता आहे, प्रोग्रॅमला नाही. म्हणून तर जेकबसन यांना ‘अट की करार’ या गल्लीबोळांतून जावं लागलं. दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ पासून एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर लावलेला दावा आहे, पण तो बातम्यांचा. कोडच्या बाबतीत ५७ व्या कलमाचा कस यंत्रासमोर लागायचा आहे. उद्या एखादा पुण्याचा किंवा नागपूरचा प्रोग्रॅमर वकिलाकडे गेला, तर त्याने लायसन्सच्या कागदाआधी हे कलम टेबलावर ठेवावं, असं माझं मत आहे.

नमस्कार.