अग्रशाळेतली एक खोली

(फोंडा येथील व्याख्यानमालेतल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या पावसातून आलेले तुम्ही सगळे,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग कशी शोधावी’. तिकडे येतेच. पण आधी शपथेबद्दल बोलते. आपल्याकडे पुष्कळजण मीटिंगच्या दारापर्यंत पोचत नाहीत, त्याचं मोठं कारण ही शपथ आहे, असं माझं ठाम मत आहे.

घरात कोणी फार पिऊ लागला की आपण त्याला देवळात नेतो. नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो, ‘यापुढे थेंबही घेणार नाही’ असं वदवून घेतो. माझ्या धाकट्या दिरांना असंच नेलं होतं, तेही ऐन काजूच्या हंगामात, भट्टीभट्टीवर हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, उतरत असताना! हसताय तुम्ही, पण सासूबाईंचा हिशोब पक्का होता. हंगामात टिकली तर शपथ जन्मभर टिकेल. भावजींनी ती मनापासून घेतली. हात थरथरत होते त्यांचे. देवाच्या भीतीनं, असं सगळे म्हणाले. सकाळपासून पोटात दारू नव्हती म्हणून ते थरथरत होते, हे पुढे डॉक्टरांनी समजावलं.

शपथ मोडली. त्याचं दुःख झालंच, पण नुकसान त्याहून मोठं झालं. भावजी देवळात यायचे बंद झाले. पालखीला नाहीत, जत्रेला नाहीत. चवथीला घरात आरती सुरू झाली की ते मागीलदारी जाऊन उभे राहायचे. लहानपणी याच माणसानं टाळ कधी दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. जन्मभराचं वचन एका संध्याकाळी मोडलं की माणसाला परत यायला आपण वाटच ठेवत नाही.

त्यांना मीटिंगला नेलं ते ओळखीच्या एका बस ड्रायव्हरनं. मीटिंग होती चर्चच्या हॉलमध्ये. घरात केवढा गोंधळ! तिथे धर्म बदलायला लावतील, इथपर्यंत बोलणी झाली. ही शंका तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात असेल, म्हणून स्पष्ट सांगते. हॉल फक्त जागेपुरता. या मीटिंगा भरवणारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची निनावी संघटना कुठल्याही धर्माची किंवा पंथाची नाही. फी नाही, चहापाण्याचा आणि जागेचा खर्च सभासदच आपापसांत उचलतात. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा.

भावजी घरी येऊन म्हणाले, “वहिनी, एकजण काल पुन्हा प्यायला होता. सगळ्यांसमोर तसं बोलला. त्याला म्हणाले, उद्या परत ये.” त्या माणसाचं नाव सांगितलं नाही त्यांनी. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

या चळवळीचा जन्मच मुळी अशा परत येण्यातून झाला. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलू लागले. त्यानंतर तो सर्जन एका परिषदेला गेला आणि पुन्हा प्यायला. परतल्यावर मित्रानं त्याला सोडलं नाही. सर्जननं शेवटचा घोट घेतला तो 10 जूनला असं मानतात, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन.

आता माझी मागणी. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, आपल्या तालुक्यात देवस्थानांच्या केवढ्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्या, आहेत! आठवड्यातून एका संध्याकाळी तिथली एक खोली या माणसांना द्या. गाभाऱ्यात जायची लाज वाटणारा माणूस निदान देवळाच्या आवारात तरी पाऊल टाकील. फुकट मात्र देऊ नका. ते बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत, तेव्हा थोडं भाडं घ्या, आणि समितीतल्या कोणी ‘बघायला’ म्हणून आत बसू नका. वेळ शेवटच्या बसच्या आधी संपेल अशी ठेवा. बस चुकलेला माणूस स्टँडवर ताटकळतो, आणि स्टँडसमोर बार असतोच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर सांगते.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. बांबोळीला मनोरुग्णालय आहे, तिथे व्यसनावर उपचार होतात. मीटिंग कुठे भरते ते तिथल्या समुपदेशकांना विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस 14416, दोन्हींना पैसे पडत नाहीत. ‘ओपन’ मीटिंगला घरचे लोकही बसू शकतात, ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी, म्हणून आधी विचारून जा. कोकणी, इंग्रजी, मराठी, कुठली भाषा चालते तेही विचारा. ओळखीचे भेटतील अशी भीती वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातली गाठा. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐकलं तरी चालतं. एक जमली नाही तर दुसरीकडे जा, प्रत्येक गटाची बसण्या-बोलण्याची तऱ्हा वेगळी.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अशाच मीटिंगा भरवणारी अल-ॲनॉन ही संघटना 1951 पासून आहे. पिणारा यायला तयार नसला तरी बायकांनी, आयांनी तिथे जावं. त्याची वाट बघत बसू नका.

देवस्थान समित्यांची काही माणसं समोर बसलेली दिसतायत. कार्यक्रम संपला की लगेच निघू नका, मी चहाच्या टेबलापाशी आहे. खोली कुठली आणि वार कोणता, एवढं आजच बोलून घेऊ.