वडापावच्या गाडीचा हिशोब चुकला कुठे?

[कॅमेऱ्यासमोर. हातात शंभर पानी वही.]

नमस्कार मंडळी. ही वही माझ्या एका विद्यार्थिनीची, तिला विचारून आणलीय. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला उद्योजकता शिकवतो. आधी मीही सगळ्यांसारखंच शिकवायचो. उद्योजकाचे गुण सांगा: धाडस, दूरदृष्टी, चिकाटी. मुलं पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि वर्गाबाहेर आली की विचारायची, "सर, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म कधी सुटणार?"

आता पहिल्या प्रॅक्टिकलला मी त्यांना एसटी स्टँडसमोर पाठवतो. एक गाडी किंवा टपरी निवडायची आणि तिचा हिशोब मांडायचा. बस.

[वहीचं पान कॅमेऱ्याजवळ]

हे बघा. या मुलीने संध्याकाळी पाच ते सहा उभं राहून वडापाव मोजले. 42. गाडी सात तास चालते, म्हणून गुणिले 7, म्हणजे धरा 300. वडापाव 20 रुपयांना, कच्चा माल तिच्या अंदाजाने 9 रुपये. सुटले 11. दिवसाला 3300, महिन्याला 99 हजार! खाली दोन रेघा मारून लिहिलंय, "सर, नोकरी कशाला करायची?"

मी म्हटलं, ही वही गाडीवाल्या मावशींना दाखवून ये.

मावशींनी वाचली आणि विचारलं, "पहाटे चारला बटाटे सोलायला कोण उठतं गं, तू?"

मावशींची मजुरी धरलीच नव्हती. गॅस नाही, पावसाचे दिवस नाहीत, उरलेलं सारण नाही. आणि पाच ते सहा ही कॉलेज सुटायची वेळ, तीच सात तासांना लावली. दुपारी तीनला मावशी चक्क पेपर वाचत बसलेल्या असतात.

पण तिच्या वहीत एक ओळ अशी आहे की मी तिला त्यासाठी पैकीच्या पैकी दिले. "गर्दी असली तरी मावशी घाणा छोटाच काढतात. का?" विचारल्यावर कळलं, मोठा घाणा काढला आणि मधेच गिऱ्हाईक ओसरलं तर वडे गार होतात, आणि गार वडा कुणी घेत नाही. शिवाय चार माणसं थांबलेली दिसली की पाचवा आपोआप थांबतो. साठा किती ठेवायचा हे मी एक अख्खा तास फळ्यावर शिकवतो. मावशींनी दोन वाक्यांत संपवलं.

नुसतं बघून मात्र भागत नाही, विकावंही लागतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात टीना सीलिग या प्राध्यापिकेने वर्गातल्या गटांना एकेक पाकीट दिलं होतं. आत 5 डॉलर. विचार हवा तितका करा, पण पाकीट फोडलं की दोन तासांत जमेल तेवढी कमाई करायची, आणि मग वर्गासमोर तीन मिनिटं सांगायचं. ज्यांनी भरपूर कमावलं त्यांनी त्या 5 डॉलरना हातसुद्धा लावला नाही. एका गटाने तर ती वर्गातली तीन मिनिटंच विकली, विद्यार्थ्यांना नोकरीवर घेऊ बघणाऱ्या एका कंपनीला. 650 डॉलरना!

मी 100 रुपये आणि एक रविवार देतो. अट एकच, गिऱ्हाईक नात्यातलं नको. नाहीतर सगळा माल आत्याच घेते. बहुतेक जण भेळ करतात, तोट्यात जातात. पण दोन पोरं स्पर्धा परीक्षेच्या केंद्राबाहेर उभी राहिली. आत बॅग नेता येत नाही, परगावची मुलं गेटवर अडलेली. यांनी 10 रुपयांत बॅग सांभाळली. खर्च काय, तर नंबराच्या चिठ्ठ्या आणि सुतळी. (एक बॅग न्यायला कुणी येईचना. संध्याकाळी सातपर्यंत दोघं तिथेच बसून.)

ज्यांचं खपत नाही ती मुलं येऊन म्हणतात, "लोकांना कळतच नाही, सर." मग मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगतो. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारा हा माणूस पुढे लोखंडी नांगर करू लागला. शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते हा समज. शेतकऱ्याला अडाणी म्हणून ते मोकळे झाले असते, तर 1910 ची किर्लोस्करवाडी, म्हणजे त्यांच्या कारखान्याभोवती वसलेलं गाव, उभी राहिली नसती. "नको" म्हणणाऱ्याला "का नको" हे विचारून, त्याचेच शब्द वहीत लिहून आणा, असं मी सांगतो.

तुम्हीही या आठवड्यात एक गाडी निवडा. गर्दीच्या वेळी प्रश्न विचारू नका, धंद्याची वेळ असते. आधी काहीतरी विकत घ्या. आणि वही खिशातच ठेवा. आमचा एक जण लांब उभा राहून भराभर लिहीत होता, तर भेळवाल्या काकांना वाटलं महापालिकेचा माणूस. त्यांनी गाडी आवरायलाच घेतली.