‘छान आहे’ ऐकल्यावर काय करायचं?

पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव छापलंय : ‘विद्यार्थी संगीत-मासिकाचं मुखपृष्ठ : वाचकांच्या अभिप्रायावरून सुधारणेचे पाच टप्पे’. हे नाव माझंच आहे, फक्त फोनवर घाईत दिलेलं. पाच का, हे मला त्या वेळीही माहीत नव्हतं. (हशा) पण कबूल केलेत म्हणजे सांगणार. त्याआधी एक किस्सा ऐकून घ्या. तुमच्यापैकी ज्यांनी तो आधी ऐकलाय त्यांनी शेजारच्याला शेवट सांगू नये.

मी शिकत असताना आम्हाला संगीत-मासिकाचं मुखपृष्ठ करायला दिलं होतं. मासिक काल्पनिक, नाव आपणच ठरवायचं. मी ठरवलं ‘निनाद’. वर्गातली एक मैत्रीण फार सुरेख गायची, तिचा फोटो काढला. तान घेताना डोळे मिटलेले, मान जराशी मागे, केस मोकळे. पार्श्वभूमी गडद निळी. मुख्य लेखाचं शीर्षक ‘रात्रीचे राग’. आणि डोकं नावाच्या पुढे आणलेलं! परदेशी मासिकांत माणसाचं डोकं नावाची एक-दोन अक्षरं झाकतं, त्यानं चित्राला खोली येते, हे नुकतंच शिकलो होतो. शिकलेलं कुठे तरी वापरायलाच हवं, तर मैत्रिणीचा केशसंभार बरोबर ‘ना’वर आला.

मग अभिप्राय. वीस प्रती छापून वाटल्या, सोबत प्रश्न : ‘हे आकर्षक मुखपृष्ठ तुम्हाला कसं वाटलं?’ म्हणजे ‘आकर्षक’ हे उत्तर मीच लिहून मोकळा, समोरच्यानं फक्त मान डोलवायची. चौदा जणांनी लिहिलं, ‘छान आहे’. चौघांनी लिहिलं, ‘रंग जरा उदास वाटतो’. एकानं ‘अक्षर मोठं करा’. एकानं कागद परतच दिला नाही, आणि आज मला वाटतं, सगळ्यांत प्रामाणिक तोच.

या ‘छान आहे’वर माझा फार जुना राग आहे. लग्नात आहेर देताना म्हणतात तसे हे शब्द. त्यात माहिती शून्य. ते मुखपृष्ठाबद्दल नसतातच, ते तुमच्या-माझ्या संबंधांबद्दल असतात : मला तुझ्याशी भांडायचं नाही, मला तासाला जायचंय. आणि आपण ते मोजतो! अहवालात लिहितो, सत्तर टक्के वाचकांना आवडलं. वर वर्तुळाकार आलेखही काढतो. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या अहवालात तो आहे, मी तपासलेत.

तर मी काय केलं? ‘उदास’वर काम केलं. निळा काढून जांभळा केला. तोही उदास. मग नारिंगी. एक आख्खा आठवडा मी रंग बदलत होतो. त्याच सुमारास प्रयोगशाळेतला प्रिंटर बिघडला, दुरुस्तीला एक गृहस्थ आले. चाचणीसाठी त्यांनी जे पान काढलं ते नेमकं माझं मुखपृष्ठ. हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, “झोपेवर अंक काढलाय का?”

मी पाहिलं. ‘नि’, मग केस, मग ‘द’. नींद! डोळे मिटलेली बाई, मोकळे केस, खाली ‘रात्रीचे राग’. नारिंगी केल्यानं एवढंच झालं होतं की रात्रीच्या झोपेची पहाटेची झोप झाली होती. (मोठा हशा)

आता बघा, ते चौघे चुकले होते का? नाही. तानपुरा उतरलाय हे श्रोत्याला कळतं. कोणती तार, हे सांगणं त्याचं काम नाही. त्यानं ‘जोडीची तार पिळा’ म्हटलं म्हणून तुम्ही ती पिळत बसलात आणि उतरलेला होता पंचम, तर दोष श्रोत्याचा नाही. चौघांना काहीतरी निजलेलं जाणवलं होतं. त्याला त्यांच्याकडे शब्द होता ‘रंग’, कारण रंगावर बोलता सगळ्यांनाच येतं. मला आज तुमच्या गळी उतरवायचंय ते एवढंच. वाचकाची तक्रार शंभर टक्के खरी धरा, त्यानं सुचवलेला उपाय मात्र बाजूला ठेवा.

जाता जाता त्या झाकलेल्या नावाबद्दल. ‘रोलिंग स्टोन’ हे अमेरिकेतलं संगीत-मासिक 1967पासून निघतंय. त्याची दोन-तीन अक्षरं डोक्यामागे गेली तरी वाचक उरलेलं मनात भरून घेतो, कारण नाव त्याच्या ओळखीचं आहे. तुमचा पहिला अंक आहे, तुमच्या नावाची कोणाशी ओळख? आणि लिपीचाही प्रश्न आहे. रोमन अक्षरं वरच्या अर्ध्या भागावरून पुष्कळ ओळखता येतात. आपल्याकडे वर शिरोरेषा, ती सगळ्यांची सारखी. बहुतेक अक्षरांचं वेगळेपण रेषेखाली असतं, आणि डोकं येतं खालूनच! रोमन मथळ्यासारखी अक्षरं लांब लांब पसरायची हौसही देवनागरीत करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. यावर मी तासभर बोलू शकतो, पण… चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं. पाच टप्पे, सात मिनिटं, जमेल.

पहिला : ‘आवडलं का?’ विचारूच नका. मुखपृष्ठ पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, काय दिसलं? आधी काय, नंतर काय? कशाबद्दलचं मासिक वाटलं? कोणी उचलेल असं वाटतं? माझ्या वीस जणांना एवढं विचारलं असतं तर नारिंगीपर्यंत जायची वेळ आली नसती.

दुसरा : एकेकट्याला विचारा. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं 1951मध्ये रेषांची लांबी ओळखायचा साधा प्रयोग केला. खोलीतले बाकीचे, जे आधीच फितवलेले होते, ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यासारखीच चुकीची आली. रेषेसारख्या ढळढळीत गोष्टीत ही कथा, तिथे वर्गात सगळ्यांसमोर हात वर करून मुखपृष्ठावर मत मागायचं?

तिसरा : आलेल्या वाक्यांची लक्षणं आणि उपाय अशी विभागणी. ‘अक्षर मोठं करा’ हा उपाय. लक्षण आहे, ‘वाचता आलं नाही’. त्याचं कारण आकार असेल, किंवा फोटोवर पांढरं अक्षर आणि मागे पांढरा सदरा असेल. वेबसाठी साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान 4.5:1 इतकं अंतर (कॉन्ट्रास्ट) ठेवा असा संकेत आहे, छापील पानालाही तो अंदाज वाईट नाही. लाल-हिरव्यावर विसंबू नका, काही लोकांना त्यांतला फरक दिसत नाही. तीन मिनिटं? हो, हो.

चौथा : एका वेळी एकच बदल. मी नाव मोकळं केलं, तेव्हा रंगाला हात लावला नाही. मग डोळे उघडे असलेला फोटो घेतला. मग गंमत म्हणून निळा परत आणला. उदास कोणीच म्हणालं नाही! तिन्ही एकदम केलं असतं तर गुण कशानं आला हे कळलं नसतं. आणि बदल पडद्यावर नाही, कागदावर तपासा. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी चार शाईंच्या छपाईत मलूल होतो. फोटो 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, कडेला 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा पट्टी, हे तुम्हाला माहीत आहे, तरी विसरता.

पाचवा : दुसऱ्या फेरीला नवी माणसं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968मध्ये मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार डोळ्यांखालून गेली तरी ती आवडायला लागते. आपण स्वतःचं मुखपृष्ठ किती वेळा पाहिलेलं असतं, विचार करा. म्हणून आपलं मत आधीच बाद. पण हे तुमच्या वाचकांनाही लागू आहे. मी ती चूक केली. सुधारलेलं मुखपृष्ठ घेऊन त्याच चौघांकडे गेलो. पूर्ण ‘निनाद’, उघडे डोळे, सगळं. ‘रंग उदास’ म्हणणाऱ्यांपैकी एकानं ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “आधीचंच बरं होतं की रे. त्यात ती कशी शांत झोपली होती!”