अननस, काजू आणि तव्यावरची कोंबडी

नमस्कार श्रोतेहो.

१ जूनला मासेमारी बंद झाली की गोव्यातल्या घराघरांत रोजचा प्रश्न उभा राहतो, आज जेवायला काय करायचं? ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर जेटीला बांधलेले. बाजारात खाडीची थोडीफार मासळी येते, तिला हात लावायचा तर आधी भाव विचारावा लागतो. मग वाराचा दिवस नसेल तर घरात कोंबडी येते. आणि कोंबडी म्हटली की शागोती! खोबरं भाजा, खसखस भाजा, धणे भाजा, वाटण वाटा. रविवारी ती करावीच, तिची सर कशालाच नाही. पण बुधवारी संध्याकाळी कामावरून भिजत घरी आलेल्या बाईला किंवा बाप्याला अर्ध्या तासात होईल असं काहीतरी हवं असतं. आज तेच सांगणार आहे. तव्यावरची कोंबडी, अननस आणि काजू घालून केलेली.

कोंबडीत अननस म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. पण फळ भाताबरोबर खाणं आपल्याला कुठे नवं आहे? अननसाचं सासव आपण करतो, आंबाड्यांचं करतो. ओलं खोबरं आणि मोहरी वाटून लावलेलं ते आंबट-गोड-तिखट ताटात नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. तीच चव इथे तव्यावर आणायची आहे. अननस आणि काजू पोर्तुगिजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आले, मिरचीही तिकडचीच. मिरी मात्र आपल्या कुळागरातली, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतली, आणि तिच्यासाठीच तर ती गलबतं एवढ्या लांब आली.

पावसाच्या तोंडावर बाजारात अननस भरपूर असतो. फार पिकलेला घेऊ नका. फळ कापलंत की एक करा: बुडाकडचा भाग जास्त गोड असतो, तो मुलांना नुसता खायला द्या. शेंड्याकडचा भाग आंबटसर आणि टणक असतो, तो तव्यासाठी ठेवा. वाटीभर फोडी पुरतात. काजूसाठी अख्ख्या पांढऱ्या गरांचे पैसे मोजू नका. पाकळी किंवा तुकडा काजू घ्या, या पदार्थात त्याने काहीही बिघडत नाही. शेंगदाणेही चालतात.

कोंबडी अर्धा किलो, बिनहाडाची, शक्यतो मांडीची. छातीचं मांस लवकर कोरडं पडतं. इंचभराचे तुकडे करा आणि स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने टिपून कोरडे करा. हे टिपणं टाळू नका, सगळी चव त्यावर अवलंबून आहे. मग मीठ, भरड कुटलेली मिरी, चिमूटभर हळद आणि थोडं आलं-लसूण चोळा. अननसाचा रस मात्र या वेळी लावू नका. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते मांस विरघळवतं. तासभर लावून ठेवलंत तर तुकडे वरून पिठासारखे लिबलिबीत होतात. अननस तापला की त्याचा हा गुण जातो. म्हणून डब्यातल्या अननसाने असं होत नाही, डबा भरताना तो तापवलेला असतो.

आता तवा. बिडाचा असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाचा पसरट कोणताही चालेल. आधी मंद आचेवर चमचाभर खोबरेल तेलात काजू परता. ते बघता बघता करपतात, तेव्हा तिथून हलू नका. बदामी झाले की लगेच ताटलीत काढा.

मग आच मोठी करा, आणखी थोडं तेल घाला, तवा चांगला तापू द्या. तुकडे एकेक करून ठेवा, एकमेकांना चिकटू न देता. आणि आता, श्रोतेहो, कान द्या. तवा चुरचुरत असेल तर सगळं ठीक चाललं आहे, पृष्ठभागावरचं पाणी उडून मांस तांबूस होतं आहे. आवाज खाली बसून खदखद ऐकू आली तर पाणी सुटलं, तुकडे जास्त झाले. कोंबडी मग परतली जात नाही, उकडली जाते, आणि तिचा रंग पांढुरका राहतो. अर्धे तुकडे काढून ठेवा, दोन खेपांत करा. तुकडा टाकला की तीन-चार मिनिटं ढवळू नका. सुटायला तयार झाला की तो आपणहून तव्यापासून सुटतो. मग उलटा, दुसरी बाजूही तशीच होऊ द्या, आणि ताटलीत काढा.

त्याच तव्यात उभा चिरलेला कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या. कांदा मऊ झाला की अननसाच्या फोडी टाका, आच मोठीच ठेवा. दोन मिनिटांत फोडींच्या कडांना डाग पडतात आणि घरभर वास सुटतो. फळ आधीपासून घातलं असतं तर त्याच्या रसाने तवा थंड झाला असता, म्हणून ते शेवटी. आता दोन चमचे माडाचा व्हिनेगर आणि पाव वाटी पाणी ओता आणि तव्याला चिकटलेलं तांबूस उलथन्याने खरवडून घ्या. ते टाकून द्यायचं नाही, या पदार्थाचा रस्सा तोच. कोंबडी परत घाला, झाकण ठेवून चार मिनिटं. सगळ्यांत मोठा तुकडा कापून बघा. आत गुलाबी दिसला किंवा लालसर पाणी आलं तर आणखी शिजवा, इथे घाई नको. गूळ घालायची गरज माझ्या मते नसते. अननस फारच आंबट निघाला तर बोराएवढा खडा घाला.

अननस नसतो तेव्हा? उन्हाळ्यात मी कैरीच्या पातळ चकत्या घालते, आणि ओले काजू मिळाले तर भाजायच्या भानगडीत न पडता सोलून कांद्याबरोबरच टाकते, शिजायला थोडा वेळ जास्त देऊन. करमल हे आंबट फळही छान लागतं.

उकड्या तांदळाचा भात असेल तर रस्सा थोडा जास्त ठेवा. संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोळे घेतले असतील तर रस्सा आटवून घ्या, म्हणजे पोळ्यात भरता येईल. काजू मात्र ताटं वाढून झाल्यावरच वरून घाला, रश्शात बसले की मऊ पडतात. आणि उद्याच्या डब्यासाठी काही काढून ठेवणार असाल तर काजू वेगळ्या पुडीत द्या.